सात नंबरची खुंटी

९ जानेवारी

प्रवेश मिळाला! छत्तिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. विद्यापीठाचा भूगोल विभाग, संशोधक विद्यार्थिनी, ओळखपत्रावर फोटो इतका वाईट की शिपायानं दोनदा फोटोकडे आणि दोनदा माझ्याकडे पाहिलं.

मुलाखतीत एकानं विचारलं, "इतक्या उशिरा संशोधन का सुचलं?" मी म्हटलं, "शाळेत दरवर्षी फळ्यावर तोच डोंगर काढते, सर. आता खरा डोंगर बघावासा वाटतो." मधोमध बसलेले हसले. तेच माझे मार्गदर्शक झाले. विभागात त्यांना सगळे उतारसाहेब म्हणतात. जन्मभर त्यांनी उतार मोजले, आणि अजून चालतात तेही रस्त्याचा कोन काढत असल्यासारखे, मान खाली घालून.

घरी येऊन आत्याला सांगितलं. वडिलांच्या बदल्या आणि आईचं आजारपण यांत मी लहानपणीच आत्याकडे आले आणि तिचीच होऊन राहिले. ती म्हणाली, "म्हणजे आता रोज डबा घेऊन शिकायला जाणार तू? बस इथं, वेणी घालून देते." आणि खरंच फणी घेऊन आली.

२ फेब्रुवारी

आम्हा संशोधकांची खोली म्हणजे नकाशाखान्याचा एक कोपरा. लांबरुंद, बुटके खण, त्यात आडवे झोपवलेले नकाशे, आणि जुन्या कागदाचा वास, जो डब्यातल्या जेवणालाही लागतो. बाहेरच्या फलकावर ठळक अक्षरांत 'संशोधनाच्या संधी' असं लिहिलंय आणि त्याखाली गेले कित्येक महिने एकच चिठ्ठी: माझी काळी छत्री कुणी नेली असल्यास कृपया आणून द्यावी.

शेजारच्या टेबलावर एक मुलगी ढगांवर काम करते. मी तिला ढगवाली म्हणते. ती मला डोंगरीण म्हणते. फिटंफाट.

विषय ठरला. आमच्या घरासमोरच्या डोंगराचा. मी दहा-अकरा वर्षांची असताना तो डोंगर एका दुपारी खाली आला. अख्खी वस्ती गेली. त्याआधीच थोडी माणसं खोऱ्याच्या या बाजूला, आमच्या उतारावर, घरं बांधून राहायला आली होती. मागाहून उरलेलीही आली. तेव्हापासून सगळे म्हणतात, तो डोंगर वाईट, हा चांगला. उतारसाहेबांना बघायचंय की तो पडलेला डोंगर पुन्हा हलायला लागलाय का. वर्षभर मोजायचं. उन्हाळ्याच्या शेवटी विभागासमोर पहिले निष्कर्ष मांडायचे. ते पटले तर काम पुढे चालू, नाहीतर पुन्हा शाळा आणि फळ्यावरचा डोंगर.

आतोबा त्या डोंगराखाली गेले. हे मी साहेबांना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर 'भावना बाजूला ठेवा' असं म्हणाले असते, आणि मग मला ठेवाव्या लागल्या असत्या.

१८ फेब्रुवारी

पाय तुटले. पण काम झालं.

आमच्या परसात सिमेंटचा कमरेएवढा खांब बांधून घेतला. त्यावर मोजणीचं यंत्र बसतं. समोरच्या उतारावर दहा लोखंडी खुंट्या ठोकल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर मुठीएवढा काचेचा आरसा. यंत्रातून किरण निघतो, आरशावर आपटून परत येतो आणि अंतर, उंची, दिशा कळते. आज मोजायचं, पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजायचं. फरक पडला तर डोंगर हलला. तिसरीतल्या पोरालाही समजेल.

आत्या सगळं बघत होती. सकाळी निघताना म्हणाली, "आपल्या जुन्या घराच्या उंबऱ्याशी एक ठोक." मी म्हटलं, "तिथं आता काय उरलंय?" ती म्हणाली, "उंबरा आहे."

आणि होता. गवतात दगडाची एक कड वर आलेली. त्याच्या शेजारी, वीतभर अंतरावर, खुंटी ठोकली. सात नंबर.

त्या दिवशीची गोष्ट मला आत्याच्या तोंडून पाठ आहे. सामान इकडच्या घरात आलं होतं. आतोबा दारात उभे राहून म्हणाले, "कुलूप लावलं की नाही ते बघून येतो. तू इथंच थांब, मी आलोच." आत्या उंबऱ्यात थांबली. ते सापडलेच नाहीत. आत्या त्यानंतर कधी परगावी राहिलेली मला आठवत नाही. लग्नाकार्यालाही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. लोकांना वाटतं, तिला बाहेर झोप येत नाही.

५ मार्च

मोजणीत आता हात बसलाय. साहेबांनी एक गोष्ट बजावलीय: समोरचं मोजण्याआधी दर वेळी आपला खांब जागेवर आहे की नाही ते बघायचं. त्यासाठी मागची एक पक्की खूण हवी. मी आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाची पाण्याची टाकी निवडली. भलीमोठी, सिमेंटची, ती कुठं जातेय? खांब ते टाकी अंतर दर वेळी तंतोतंत तेच येतं. केसाचाही फरक नाही. ढगवाली म्हणाली, "तुझं नशीब! माझे ढग बघ, नाव लिहीपर्यंत पळतात."

परसदार पुन्हा आवळायला लागलंय. कडी कोयंड्यात बसत नाही. सुताराला बोलावलं. तो रंधा मारत म्हणाला, "दमट हवा, बाई. या गल्लीतलं एक दार सोडलं नाही मी. देव करो, असाच दमटपणा राहो."

२७ मार्च

विचित्र.

खुंट्या हलल्या आहेत. दहाच्या दहा. आमच्याकडे येतायत. थोड्याच, नखाच्या कडेएवढ्या, पण गेल्या तिन्ही मोजण्यांत दर वेळी. आणि खाली उतरत नाहीयेत. किंचित वर चढतायत.

उतारसाहेबांनी आकडे पाहिले, चष्मा काढला, पुन्हा लावला. "डोंगर चढतो का कधी?"

"नाही, सर."

"घसरणारा उतार एकसारखा घसरत नाही. कुठं जास्त, कुठं कमी. तुमच्या सगळ्या खुंट्या हातात हात घालून सहलीला निघाल्यासारख्या चालल्यात. यंत्र बिघडलंय. तपासायला पाठवा."

सहलीला. मला हसू आलं. पण परसात यंत्र सोडवताना मान वर करून समोर बघवेना. संध्याकाळच्या उन्हात ते आरसे एकेक करून चमकत होते. वाटलं, आपण त्यांना मोजत होतो तेव्हा तेही इकडेच बघत होते.

एक बारीक गोष्ट. सात नंबर इतरांपेक्षा थोडी जास्त आलीय. सैल ठोकली असणार. साहेब म्हणाले, तिला सरासरीतून वगळा.

१२ एप्रिल

यंत्र परत आलं. निर्दोष. सोबत तसा शिक्का मारलेला कागद.

लगेच मोजलं. डोंगर अजून जवळ आलाय. आता नखाची कड नाही, बोटाची जाडी. टाकी जागच्या जागी. खांब जागच्या जागी. समोरचा अख्खा डोंगर तेवढा, झाडंझुडपं, दगडधोंडे, मेलेली माणसं घेऊन, आमच्या घराकडे सरकतोय.

आत्याला सांगायला नको होतं, पण चहा पिताना तोंडातून निघून गेलं. मला वाटलं, घाबरेल. तिनं कप खाली ठेवला. चेहऱ्यावर असं काही उमटलं की मी दुसरीकडे बघितलं. लाजल्यासारखी दिसली. सत्तरी उलटलेली बाई.

"मला केव्हाच कळलंय," ती म्हणाली. "हे निघालेत."

"आत्या!"

"रात्री दाराचा आवाज होतो. कडी आपोआप निघते. मी उठून बघते. कुणी नसतं. म्हटलं, अजून लांब असतील. ते कधी भरभर चाललेच नाहीत गं. बाजारात जायचं तर मी पुढं आणि हे मागं कुणाशी तरी बोलत उभे."

मी म्हटलं, दार दमट हवेनं फुगतं. ती म्हणाली, "फुगलेलं दार बंद होत नाही. उघडत कसं असेल?"

उद्या सुताराला पुन्हा बोलावते.

३० एप्रिल

आज पदवीच्या मुलांना शिकवायचं होतं. साहेब दौऱ्यावर. मी फळ्यावर पडणाऱ्या उताराची लक्षणं काढली. झाडांचे बुंधे खालून वाकडे होतात, कारण जमीन सरकते तरी झाड सरळच वाढू बघतं. विजेचे खांब कलतात. झऱ्याचं पाणी गढूळ होतं. भिंतींना तिरक्या भेगा पडतात. मुलांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. एकीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या डोंगरावर दिसतात का ही लक्षणं?" मी म्हटलं, "त्यातलं एकही नाही, तेच तर कोडं आहे."

घरी आले तर नळाला पुन्हा तांबूस पाणी. गल्लीतली मोठी जलवाहिनी या महिन्यात दुसऱ्यांदा फुटली. नगरपालिकेचं काम म्हणजे आनंदीआनंद. स्वयंपाकघराच्या भिंतीत सिमेंट भरून घेतलं होतं, त्याच्या शेजारीच नवी चीर. आत्याचं याकडे लक्षच नाही. तिनं मागची खोली झाडून पुसून घेतलीय. आतोबांचा सदरा ट्रंकेतून काढून खिडकीत वाळत घातलाय. मी विचारलं, "हे काय?" म्हणाली, "वास मारतोय. आल्यावर काय घालतील?"

ती मागच्या खोलीतच झोपायला लागलीय, खोऱ्याच्या बाजूला. म्हणते, तिथून दार लवकर ऐकू येतं.

आज रात्री मला नीट झोप लागणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवते. परसातून समोर बघितलं की तो डोंगर मोठा दिसतो. आकड्यांनी इतका मोठा दिसायला नको. पण दिसतो.

११ मे

काय झालं ते क्रमानं लिहिते.

दुपारी कंटाळून ढगवालीबरोबर विभागाच्या गच्चीवर गेले. ती रोज तिथं उताणी पडून ढगांची नोंद घेते. मलाही आडवं व्हायला लावलं. वारा जोरात होता. आमच्या डोक्यावर घड्याळाचा मनोरा. मी बघत राहिले आणि एकदम किंचाळले. मनोरा आमच्यावर पडत होता!

ढगवाली पोट धरून हसली. "अगं डोंगरीण, मनोरा नाही पडत. ढग पळतायत. बघणाऱ्याला नेहमी तसंच वाटतं. कोण हलतंय ते नजरेला कळत नाही."

मीही हसले. मग हसू थांबलं.

दहा खुंट्या एकाच मापानं जवळ येतात. एकाच मापानं वर चढतात. कारण त्या हलतच नाहीत. मी त्यांच्याकडे चाललेय. खाली चाललेय. माझा खांब, माझं परस, आत्याची मागची खोली. आणि टाकी? टाकीही त्याच उतारावर. ती आमच्याबरोबर खाली येतेय, म्हणून अंतर तंतोतंत. मी आरोपीलाच साक्षीदार म्हणून उभं केलं होतं, आणि दर आठवड्याला त्याची साक्ष खरी मानून घरी येत होते.

वाकडी झाडं, कललेले खांब, गढूळ पाणी, तिरक्या भेगा. मी मुलांना शिकवलं! दाराच्या कडीशी रोज झटत होते आणि मुलांना शिकवत होते!

उतारसाहेबांना गाठलं. विभागामागच्या टेकडीवर उघडा कातळ आहे, त्यात जुनी पितळी खूण ठोकलेली. ती कुठं जात नाही. आम्ही दोघांनी यंत्र तिथं चढवलं. अंधार पडायच्या आत आमच्या खांबाची आणि टाकीची पहिली मोजणी घेतली. उद्या सकाळी दुसरी.

१२ मे

खरं ठरलं. एका रात्रीत आमची गल्ली बोटभर खाली गेलीय. टाकीसकट.

साहेब तिथूनच गाडी काढून नगरपालिकेकडे गेले. मी घरी धावले. आत्या मागच्या खोलीत, खिडकीशी.

"आत्या, चल. आत्ताच्या आत्ता."

"कुठं?"

"कुठंही. हे घर पडणार आहे."

"मग पडू दे. हे आता अगदी जवळ आलेत. आज सकाळी पाऊल ऐकलं मी."

मी तिच्या समोर जमिनीवर बसले. काय काय बोलले आठवत नाही, ओरडलेही. मग ताटात पाणी ओतून फरशीवर ठेवलं. पाणी खोऱ्याच्या कडेला जमा झालं आणि काठावरून सांडून तिच्या पायांपर्यंत वाहत गेलं.

"आतोबा येत नाहीयेत गं. आपण चाललोय. घर चाललंय, उंबरा चाललाय, तुझी खिडकी चाललीय. तो डोंगर तिथंच आहे."

ती पाण्याकडे बघत राहिली. "कधीपासून?"

"वर्षानुवर्षं असेल. आता फार वाढलंय."

"म्हणजे हे मला जिथं थांब म्हणाले, ती जागा..."

"ती मागं राहिली, आत्या. वर, हातभर मागं."

मी तिला ढकलून, उचलून न्यायच्या तयारीत होते. त्याची गरज पडली नाही. तिचा चेहरा हळूहळू रिकामा झाला.

"म्हणजे मी थांबलेच नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, मी थांबलेय."

उठली. फणी, सदरा, एवढंच घेतलं. दार ओढून घेतलं आणि कडी लावायला गेली. लागेना. मी हात धरून तिला गल्लीच्या वर नेलं. मागं एकदाही बघितलं नाही तिनं. मी मात्र रस्ताभर रडत होते, आणि लोकांना वाटलं घरासाठी.

१६ मे

पहाटे गेली. टाकीपासून खालची सगळी गल्ली. आवाज विद्यापीठापर्यंत आला. एकही माणूस गेलं नाही, कारण सगळे शाळेच्या खोल्यांत होते आणि नगरपालिकेला शिव्या घालत होते.

सुतार भेटला. म्हणाला, "बाई, सगळी दारं गेली." मग म्हणाला, "मी किती तासली होती."

माझे निष्कर्ष विभागानं आज दुपारीच, ठरल्या वेळेआधी, ऐकून घेतले. मी उभी राहून म्हटलं, माझी तीन महिन्यांची मोजणी चुकली. उतारसाहेब म्हणाले, "इतकी उपयोगी चूक या विभागात अजून कुणी केलेली नाही." काम चालू राहणार. मला आनंद व्हायला हवा होता.

२ जून

विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतलीय. एक खिडकी, एक दार, दोन खाटा. दाराची कडी लोण्यासारखी बसते.

आत्या जेवत नाही. दोन घास, मग ताट सरकवते. फणी उशाखाली, पण केस तसेच, गुंता झालेले. मी विंचरायला गेले तर डोकं बाजूला घेतलं. डॉक्टर म्हणतात, धक्का बसलाय, वेळ द्या. आज संध्याकाळी पहिल्यांदा आपणहून बोलली.

"ते आले तर आता मला कुठं शोधणार?"

मी म्हटलं, "आत्या, ते यायचे नाहीत." हे मी इतकी वर्षं कधी म्हटलं नव्हतं. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

मी तिला त्या घरातून जिवंत काढलं. आता ती या खोलीत माझ्या डोळ्यांदेखत संपत चाललीय आणि मला मोजणीशिवाय काही येत नाही.

२० जून

आता कातळावरून मोजते. समोरच्या खुंट्यांच्या तीन नव्या मोजण्या झाल्या. अपेक्षेप्रमाणे सगळ्या स्थिर. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा स्थिर. आठ, नऊ, दहा स्थिर.

सात नाही.

जुने आकडे काढले. त्यांतून आमचं घर जेवढं खाली गेलं तेवढं वजा केलं. नऊ खुंट्यांचं शून्य झालं. सातचं झालं नाही. ती पहिल्यापासून, आपल्या पायानं, थोडी थोडी येतच होती.

साहेब म्हणाले, "सैल असेल. जाऊन बघून या." गेले. दोन्ही हातांनी हलवून बघितली, टस की मस नाही. शेजारी उंबऱ्याचा दगड. ठोकली तेव्हा वीतभर अंतर होतं. आजही वीतभर. म्हणजे उंबराही बरोबर येतोय. गवत कुठं फाटलेलं नाही, माती कुठं ढकललेली नाही. आणि उतारावरची वस्तू सरकली तर खाली उतरते. ही उतरत नाही. सपाट रस्त्यानं यावं तशी येतेय.

लवकर निघाले तिथून. पाठ करून उतरायला नको वाटलं, म्हणून अर्धी वाट उलटी चालले. ढगवालीला सांगितलं तर हसेल.

२१ जून

नकाशा पसरून सात नंबरची दिशा काढली. मार्चपासून मेपर्यंत सरळ आमच्या घराकडे. ती गल्ली आता नाही. म्हणून जूनची दिशा वेगळी काढली.

वळलीय.

पहिल्यांदा वाटलं, कातळावरच्या यंत्राकडे येतेय, म्हणजे माझ्याच मोजणीचा काहीतरी दोष. पट्टी ठेवली. रेघ कातळाच्या बाजूनं गेली. विभागाच्या इमारतीवरून गेली. मागच्या गल्लीत गेली. आमच्या खोलीवर टेकली. तीनदा काढली. ढगवालीला काही न सांगता तिच्याकडूनही काढून घेतली. ती म्हणाली, "ही तुझ्या घराची वाट आहे का?"

संध्याकाळी खोलीवर येऊन कितीतरी वेळ चप्पल न काढता बसले. सांगणं वेडेपणा. सांगितलं तर आत्या दाराशी बसून राहील. न सांगितलं तर भिंतीकडे तोंड करून जाईल. मी संशोधक आहे. मला जे दिसलं ते मी कधी लपवलेलं नाही, चुकलं तेही नाही.

"आत्या, जुन्या घराच्या उंबऱ्याशी खुंटी ठोकली होती ना आपण? ती वळलीय."

आत्या भिंतीकडेच तोंड करून पडलेली.

"इकडे वळलीय. या खोलीकडे."

ती उठून बसली. माझ्या डोळ्यांत खूप वेळ बघितलं. लहानपणी मी खोटं बोलले की असंच बघायची.

"किती दिवस लागतील?"

मी मनातल्या मनात भागाकार केला. या चालीनं हजारो वर्षं. "खूप लागतील, आत्या. फार खूप."

"लागू देत. निघालेत ना?" ती म्हणाली. "वाढ मला. भूक लागलीय."

पोटभर जेवली. मी अहवालात नऊ खुंट्या लिहिल्या. सात नंबर सैल होती, असं खाली टिपेत टाकलं.

६ जुलै

सकाळी मोजलं. मग यंत्र उतरवून, पुसून, पुन्हा लावून मोजलं. साहेबांना बोलावून त्यांच्याकडून मोजून घेतलं. ते चष्मा काढून, हातात धरून उभे राहिले. "हे अहवालात नको," एवढंच म्हणाले.

सात नंबरची चाल वाढलीय. मागच्या आठवड्याच्या दुप्पट, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यापेक्षा तर कितीतरी. माझा भागाकार चुकलाय. हजारो वर्षं लागणार नाहीत.

आत्याला हे सांगायचं नाही, असं ठरवून दुपारी खोलीवर आले. दार सताड उघडं. खाटेवर आतोबांचा सदरा घडी करून ठेवलेला. आत्या केस विंचरून, नीट अंबाडा घालून, उंबऱ्यात बसलेली होती. मला बघून ती जरा बाजूला सरकली, आणि मी तिच्याजवळ बसले.